अनंतरावांनी वाळवंटात बासी खाल्ली

पद्मिनीबाई नवी नवरी होत्या तेव्हाची गोष्ट. रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या घरात त्या पोळ्या करत होत्या आणि भिंतीपलीकडे सासरे त्यांच्या नवऱ्यावर, अनंतरावांवर, ओरडत होते.

"अंगात एवढा ताप अन् ड्यूटीवर गेला तू? घरात सांगता नाही आलं? काहून, आजारी पडलं म्हणजे नाक कापलं जाते का?"

अनंतराव तेव्हा रेल्वेच्या पार्सल ऑफिसात नवे नवे लागले होते. आवाज न चढवता म्हणाले, "आजीनं सांगितलं होतं ना, चक्कर येते म्हणून. तुम्ही तिले खाटेवर बसवलं. मग कोणी उठूच नाही दिलं. चालती-फिरती बाई खाटेवरच संपली."

पद्मिनीबाईंची पोळी तव्यावर जळली, पण नवरा कसा आहे ते बसल्या जागी कळलं. हा माणूस दुखणं लपवणार आणि आपण ते जन्मभर हुडकत बसणार.

तसंच झालं. दाढ सुजली तर अनंतराव म्हणत, गालात सुपारी आहे.

छत्तीसगड वेगळं झालं, रायपूर राजधानी झाली, तात्यापाऱ्यात दुकानांवर दुकानं चढली. अनंतराव रिटायर झाले आणि त्यांनी गल्लीचं दळण हाती घेतलं. सकाळी सायकलच्या हँडलला पिशव्या, मागे कॅरिअरला डबा, की निघाले भैय्यालालच्या चक्कीवर. घरचं दळण तर होतंच, शेजारच्या लताबाईंचं आणि मीराबाईंचंही. खरं म्हणजे पीठ हा बहाणा. चक्कीसमोरच्या बाकड्यावर चार म्हातारे जमत आणि तिथून सगळं राज्य चालवत. मंत्रालय शहराबाहेर नव्या रायपूरला गेलं, हे त्या बाकड्याला मान्यच नव्हतं.

मुलगा निरंजन त्याच मंत्रालयात. राहायलाही तिकडेच, फ्लॅटमध्ये. तिथले रस्ते इतके रुंद, की पलीकडच्या माणसाला हाक मारायची तर फोन लावावा लागतो. चक्की नाही, पीठ थैलीत बंद होऊन येतं. निरंजन आईबापांना तिकडे बोलावून थकला होता. शेवटी एका डिसेंबरात त्यानं तोड काढली.

"बाबा, आम्ही राजस्थानले चाललो. वाळवंटात तंबूत राहायचं. तुम्ही दोघं चला. तिथं धडधाकट राहिले तर मी फ्लॅटचं नावही नाही काढणार. पण काही झालं, तर सायकल विकायची अन् आमच्याकडे यायचं. कबूल?"

"हव," अनंतराव म्हणाले.

सून क्षमानं स्वेटर घ्यायला सांगितले. अनंतरावांना पटेना. वाळवंट म्हणजे ऊन, आणि उन्हावर रायपूरकराला एकच औषध ठाऊक, ते म्हणजे बासी. रात्रीचा भात पाण्यात भिजवायचा, सकाळी मीठ-कांद्याशी खायचा, मग लूच्या झळा कितीही लागोत. त्यांनी भिजवलेल्या भाताचे दोन डबे घेतले. एक गाडीत पहिल्या दिवशी सगळ्यांसमोर संपवला. दुसरा धोतराच्या घडीत राहिला.

दोन रात्री गाडीत गेल्या, मग जीप, मग रेतीच रेती. तंबूत पलंग होता, आरसा होता, मागच्या बाजूला संडासही होता. पद्मिनीबाईंना वाटलं, एवढं सगळं आणायचंच होतं तर घर काय वाईट होतं.

संध्याकाळी शेकोटीपाशी दाल-बाटी आली. अनंतरावांनी हात जोडले.

"माझी एकादशी आहे."

एकादशी गाडीत बसायच्या आधीच झाली होती. पद्मिनीबाईंनी नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. ते उकडलेल्या बटाट्यासारखं दिसत होतं. पण सायकलीचा सौदा त्यांनाही माहीत होता, आणि त्यांचंही मन तात्यापाऱ्यातच होतं. त्यांनी नवऱ्याच्या वाटणीची बाटी आपल्या ताटात घेतली.

सकाळी उठल्या तर पलंग रिकामा. तंबूतल्या संडासात गेलं तर आवाज सगळ्यांना ऐकू जाईल, म्हणून हा माणूस लोटा घेऊन टेकाडामागे किती फेऱ्या करून आला होता, देव जाणे. पद्मिनीबाई आणि नात अनुश्री शोधत गेल्या. अनंतराव रेतीवर बसले होते, अंगावर नुसतं धोतर आणि गमछा. थंडीनं दात वाजत होते.

"इथं काय करून राहिले?"

"सूर्योदय पाहून राहिलो."

अनुश्रीनं मागे वळून पाहिलं. "आजोबा, सूरज तो पीछे है."

अनंतराव मान वळवायला गेले आणि तसेच आडवे झाले.

मग पळापळ. तंबूवाल्यांनी जीप पाठवून जवळच्या गावातून डॉक्टर आणला. तंबूच्या खांबाला सलाइनची बाटली लटकली. उलट्या, जुलाब, वर थंडी. अंगात पाणी उरलं नव्हतं. क्षमानं त्यांचे पाय चोळले, अनुश्रीनं उंटावरची सफर सोडून दिली, निरंजन तंबूबाहेर येरझारा घालत राहिला. दुसऱ्या दिवशी पद्मिनीबाईंनी तिथल्या स्वयंपाक्याकडून तांदूळ मागून घेतले आणि पातळ पेज केली. अनंतराव ती वाटीभर प्यायले आणि ती पोटात राहिली. तिसऱ्या दिवशी ते तंबूची दोरी धरून उभे राहिले.

निरंजन आत येऊन बसला. "बाबा, आता वय झालं. आपलं बोलणं झालं होतं. रायपूरले पोहोचलो की सामान हलवायचं."

पद्मिनीबाई धोतराच्या घड्या करत होत्या. त्यांच्या हाताला डबा लागला. झाकण उघडलं तर आत चार शितं आणि असा वास, की उंटानंही तोंड फिरवलं असतं. त्यांनी डबा बंद केला आणि नवऱ्याकडे पाहिलं.

अनंतरावांपुढे आता दोनच वाटा होत्या. म्हातारं म्हणवून घ्यायचं, नाहीतर मूर्ख.

"वयानं नाही झालं," ते म्हणाले. "मी बासी खाल्ली. दुसऱ्या डब्यातली. इथं पोहोचल्यावर."

"दोन दिवसांची? बाबा, डोकं आहे का तुम्हाले?"

"डोक्याचं काय बोलायचं ते बोल. वयाचं बोलू नको. तो डबा तू खाल्ला असता तर तूही आडवा झाला असता."

क्षमाला हसू आवरेना. "खरं आहे. यांना तर हॉटेलची चटणीही सोसत नाही."

निरंजन बायकोवर चिडला, बापावर चिडला. आजवर बापानं काही दुखतं म्हणून कबूल केल्याचं त्याला आठवत नव्हतं. शेवटी म्हणाला, "ठीक. राहा तात्यापाऱ्यात. पण रोज सकाळी फोन करून सांगायचं, काय दुखते. लपवलं तर त्याच दिवशी गाडी घेऊन येईन."

अनंतरावांनी हे इतकं मनावर घेतलं, की निरंजनच्या नाकी नऊ आले. आज डावा गुडघा. आज गॅस. आज उजव्या कानात माशी घोंघावते. मंत्रालयात मीटिंग चालू असली तरी फोन यायचा. निरंजन म्हणायचा, "हो बाबा," आणि अनंतराव सायकलीला पिशव्या अडकवायचे.

अशी पुष्कळ वर्षं गेली. अनंतराव वारले त्या दिवशीही सकाळी फोन झाला. "आज काही नाही," एवढंच सांगितलं. चक्कीवर भैय्यालालशी भाव वाढले म्हणून भांडले, बाकड्यावर बसून आले. परतताना लताबाईंची पिशवी त्यांच्या कडीला अडकवली, मीराबाईंची ओट्यावर ठेवून हाक मारली. घरचा डबा दोन्ही हातांनी उचलून आत आणला, ओट्याखाली सरकवला आणि पद्मिनीबाईंना म्हणाले, "झाकण नको लावू आताच. पीठ गरम आहे."