प्लग सोडून काहीही

कुंडमच्या वाटेवरची चढण लागली आणि समोरच्या लाकडाच्या ट्रकला मागे टाकायला विनीताने पाय दाबला. गाडी आधी जोरात सरसावली, मग उचकी लागल्यासारखी अडखळली. परत सरसावली, परत अडखळली. स्पीडच्या काट्याशेजारी इंजिनाचा पिवळा दिवा लुकलुकायला लागला. समोरून बस येत होती. विनीताने दातओठ खाल्ले आणि गाडी परत ट्रकच्या मागे, त्याच्या धुरात घातली. गेला महिनाभर हेच चाललं होतं.

विनीता कुंडमच्या सरकारी कॉलेजची प्रभारी प्राचार्य. जबलपूरहून रोज जाऊन-येऊन. बस होती, पण ती वाटेतल्या प्रत्येक झाडाखाली थांबणारी. ती पोचेपर्यंत कॉलेजात दुसरा तास संपलेला असायचा. म्हणून ही गाडी घेतली. सेकंडहँड, पण टर्बोवाली. इंजिन एवढंसंच, पण पाय दाबला की टर्बो त्यात हवा कोंबून भरतो आणि तेच इंजिन मोठ्या गाडीसारखं ओढायला लागतं. म्हणजे लागायला पाहिजे.

संध्याकाळी घरी पोचली तर भय्यासाहेब पोर्चमध्ये पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर, घेऊन उभेच. तिच्या सासऱ्यांना घरात सगळेच, त्यांचा मुलगा धरून, भय्यासाहेब म्हणत.

"आज पण झटके?"

"आज पण."

"बोनट उघड. इंजिन चालू राहू दे."

पेचकसाचं टोक इंजिनाला, मूठ कानाला, डोळे मिटलेले. इंजिन उभ्या जागी शहाण्या मुलासारखं गुणगुणत होतं.

"घड्याळ आहे घड्याळ," भय्यासाहेब म्हणाले. "ये, तू पण ऐक."

"भय्यासाहेब, उभी असताना ती काही नाही करत. चढावर करते. पाय दाबला की करते."

"मग पाय काहून दाबून राहिली एवढा?"

विनीताने पर्स उचलली आणि आत गेली.

भय्यासाहेबांची सगळी नोकरी संरक्षण खात्याच्या ट्रकांच्या कारखान्यात गेली, तपासणी विभागात. त्यांनी पास केल्याशिवाय ट्रक फाटकाबाहेर पडत नसे, असं ते सांगत. पण त्यांचं खरं नाव झालं ते अंगणात. रविवारी सकाळी अर्ध्या मराठी मंडळाच्या स्कूटरी त्यांच्या दारात लागायच्या. कोणाची मिसिंग मारते, कोणाची किक खाते. भय्यासाहेब बनियनवर बसून प्लग काढायचे, रेगमालच्या खरखरीत कागदाने घासून लख्ख करायचे आणि ठिणगी जिथे उडी मारते त्या फटीत लोखंड कापायच्या आरीचं पातं घालून बघायचे. पातं अलगद सरकलं म्हणजे फट बरोबर. स्कूटर पहिल्या किकला बोलायची. कामाचा एक पैसा घेतला नाही त्यांनी कधी, उलट चहा पाजायचे. तो त्यांच्या बायकोला, मीराबाईंना, करावा लागायचा, ही गोष्ट वेगळी.

मग स्कूटरी गेल्या. गाड्या आल्या, त्यांची सर्व्हिस शोरूममध्ये व्हायला लागली, आणि रविवारी भय्यासाहेबांच्या अंगणात फक्त तुळस उरली. म्हणून विनीताची गाडी दारात आली त्या दिवशी त्यांना झालेला आनंद काही औरच होता. नारळ फुटला, हळदकुंकू झालं, आणि दुसऱ्या दिवशी ती उठायच्या आत त्यांनी चारही प्लग काढून घासून, फटी लावून परत बसवले होते. "अशी ठिणगी देऊन ठेवली आहे," ते म्हणाले, "की म्हातारी होशील पण प्लग बघावा नाही लागणार."

तिथून पुढे घरात एक कायदाच झाला. गाडीचं प्लग सोडून काहीही बघा. पेट्रोल पंप बदलून झाला. हवेचा फिल्टर नवा टाकला. थ्रॉटल साफ केला. झटके तिथेच. राहता राहिला विनीताचा पाय.

"माझं ऐक," श्रीरंग जेवताना म्हणाला. श्रीरंग तिचा नवरा, रेल्वेत. त्याला भांडण नको असायचं, आणि म्हणून त्याच्याशीच जास्त भांडण व्हायचं. "रविवारी एक जण गाडी बघायला येतो आहे. देऊन टाकू. तू शहरातल्या कॉलेजला अटॅचमेंटवर तात्पुरती बदली माग."

"आणि प्राचार्यपद?"

"प्रभारीच तर आहेस."

"अठरा वर्षं शिकवल्यावर प्रभारी झाले, श्रीरंग. ते काय वाटेत सापडलं?"

"अच्छा, मग बसने जा."

"गाडीत काही नाही," भय्यासाहेबांनी ताकाची वाटी ठेवत निकाल दिला. "शिकायला पाहिजे टर्बो चालवायला. बाकी काय."

विनीताने पोळीचा तुकडा मोडला तो इतका बारीक मोडला की मीराबाईंनी तिच्याकडे बघितलं.

शुक्रवारी लवकर सुटका झाली तशी ती गाडी घेऊन थेट विजय नगरला अक्षतच्या गॅरेजवर गेली. भय्यासाहेब आधीच तिथे स्टुलावर हजर; श्रीरंगने फोनवर सांगून टाकलं होतं. अक्षतने स्कॅनर लावला. स्कॅनर म्हणाला, दोन नंबरच्या सिलेंडरमध्ये मिसफायर.

"कॉइल देखते हैं पहले," अक्षत म्हणाला. कॉइल म्हणजे प्लगच्या डोक्यावर बसून त्याला वीज देणारी टोपी. त्याने दोन नंबरची कॉइल तीनवर टाकली, तीनची दोनवर, आणि विनीताला चक्कर मारायला लावली. कॉइल खराब असेल तर दोषही तिच्यासोबत तीनवर जाणार. पुलावर पाय दाबला, झटका बसला, परत आली. दोष दोनवरच.

"मतलब कॉइल ठीक है, दीदी," अक्षत म्हणाला. "अब तो बस प्लग..."

"प्लग मी केले आहेत," स्टुलावरून आवाज आला.

अक्षतचा हात तिथेच थांबला. त्याच्या वडिलांची स्कूटर याच माणसाने वर्षानुवर्षं फुकट चालती ठेवली होती. त्याने विनीताकडे बघितलं, भय्यासाहेबांकडे बघितलं, आणि बोनट खाली केलं. "दादा ने किये हैं तो फिर... इंजेक्टर देखना पड़ेगा. सोमवार को."

सोमवारपर्यंत गाडी उरणारच नव्हती. परत येताना गाडी विनीताच चालवत होती. शेजारी भय्यासाहेब तिला गियर कधी बदलायचा ते सांगत होते.

शनिवारी कॉलेज बंद. सकाळी विनीताने किल्ली उचलली. "भय्यासाहेब, चला. आई, तुम्ही पण."

"कुठे?" मीराबाईंनी विचारलं.

"चढावर."

"भाजी टाकली आहे मी."

"गॅस बंद करा."

तिचा आवाज ऐकून मीराबाईंनी खरोखरच गॅस बंद केला.

चढण आली. भय्यासाहेब पुढे, हात जोडून बसल्यासारखे मांडीवर ठेवलेले. "तिसरा टाक. हां. आता हळूहळू दाब." तिने हळूहळू दाबला. गाडीला उचकी लागली. "क्लच सोडताना..." "क्लचला पाय पण लावला नाही, भय्यासाहेब." परत उचकी. दिवा लुकलुकला.

विनीताने गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला, खाली उतरली आणि त्यांच्या बाजूचं दार उघडलं. "तुम्ही चालवा."

"मी?"

"तुम्हाला येते ना टर्बो."

भय्यासाहेब स्टिअरिंगवर बसले. सीट पुढे घेतली, आरसा नीट केला, घसा साफ केला. गाडी छान उचलली त्यांनी, यात वाद नाही. तिसरा गियर लोण्यासारखा पडला. मग त्यांनी पाय दाबला, आणि गाडीने त्यांना त्यांच्या सुनेपेक्षाही जोरात हलवलं. त्यांनी परत दाबला. परत तेच. पिवळा दिवा त्यांच्या नाकासमोर लुकलुकत राहिला.

मागच्या सीटवर मीराबाई पदर सावरून बसल्या होत्या. "आता पाय कोणाचा आहे?" त्यांनी विचारलं.

मीराबाईंचं एवढ्यावर संपलं नव्हतं.

"आणि एक सांगा, तुमच्या कारखान्यात डिझेलचे ट्रक बनायचे ना? डिझेलला प्लग असतो का हो? ठिणगीचा?"

"नसतो," भय्यासाहेब म्हणाले. रस्त्याकडेच बघत पुढे म्हणाले, "अक्षतकडे घेतो."

अक्षतने चारही प्लग काढून कापडावर ठेवले. हे प्लग इरिडियमचे. टोक सुईसारखं बारीक. त्याला रेगमाल चालत नाही, पण चारही टोकं घासलेली होती. आणि फटी अशा की अक्षतच्या तोंडून "अरे बाप रे" निसटलं.

"फट कशी लावली होती, भय्यासाहेब?" विनीताने विचारलं.

"स्कूटरला एक पातं," ते म्हणाले. "गाडी मोठी. म्हणून दोन."

दोन पाती. दोन नंबरला दुसरं पातं तिरकं गेलं असावं, तिथली फट सगळ्यांत मोठी. विनीताला ओरडावंसं वाटलं. महिनाभराचा धूर, ट्रकच्या मागचा, तिच्या घशात आला.

"उभी असताना आत हवा कमी," भय्यासाहेब जणू वर्गाला सांगत होते. "भल्या सकाळी बाजारातल्या कमानिया गेटखालून माणूस दोन ढांगांत पार होतो ना, तसं. ठिणगी जाते. टर्बो भरला की संध्याकाळची गर्दी. तेवढंच अंतर, पण कापता येत नाही. विझते मध्येच." त्यांनी दोन नंबरचा प्लग बोटाने बाजूला सारला. "कमी पाहिजे होती फट. जास्त नाही."

हे सगळं त्यांना कळत होतं. महिनाभर फक्त बघायचं नव्हतं. विनीताला याचाच जास्त संताप आला.

पार्ट्सच्या दुकानात मालकाने सगळ्यांत महागडा, रेसिंगवाला प्लग काउंटरवर ठेवला. भय्यासाहेब लगेच म्हणाले, "हाच द्या चार. मी देतो."

"नाही," विनीता म्हणाली. "गाडीच्या पुस्तकात जो नंबर आहे तोच. रेसिंगचा प्लग थंड असतो, कॉलेजला जाणाऱ्या गाडीत त्यावर काजळीच धरेल." हे तिने रात्री वाचून ठेवलं होतं, अटॅचमेंटचा अर्ज लिहायच्या ऐवजी.

डबे उघडले. फट कंपनीतून लावून आलेली. भय्यासाहेबांचा हात आपोआप शर्टाच्या खिशात गेला आणि आरीचं पातं बाहेर आलं.

"भय्यासाहेब."

"नुसतं बघून राहिलो."

"खिशात ठेवा."

ठेवलं त्यांनी.

संध्याकाळी तीच चढण गाडी एका दमात चढली. भरलेल्या ट्रकला तिने असं मागे टाकलं की मीराबाईंनी मागून पुढची सीट धरली. वर पोचल्यावर भय्यासाहेबांनी श्रीरंगला फोन लावला. "त्या माणसाला नाही म्हणून सांग. गाडी विकायची नाही... नाही, पायात काही दोष नव्हता तिच्या... प्लग होते... कोणी केले म्हणजे? खराब झाले होते, संपलं."

विनीताने त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी खिडकीबाहेर बघितलं.

गाडी उताराला लागली. मग मान तिरकी करून त्यांनी कान दिला. "मागच्या डाव्या चाकाचा ब्रेक जरा वाजून राहिला आहे."

"अक्षत बघेल."

"बघू दे ना. मी नुसता उभा राहीन."

नुसतं उभं राहणं म्हणजे काय, हे विनीताला आता नीट ठाऊक होतं. घरी पोचल्यावर तिने किल्ली खुंटीला अडकवली नाही. पर्समध्ये टाकली, आणि पर्स घेऊनच स्वयंपाकघरात गेली.