कोठीवरचा मुक्काम

घमेलं मालकीणबाईंनी हातात दिलं नाही. पायानं सरकवलं. लोखंडी, जड, काठावर कालचं शेण वाळलेलं. फरशीवर खरडत ते माझ्या पायाशी येऊन थांबलं.

"पयले गोठा काढ," त्या म्हणाल्या. "मंग जाय तुया कालेजात."

मी पांढरी सुती साडी नेसून उभी होते. मायनं आदल्या दिवशी तिला पेजेची खळ दिली होती, तांब्यात निखारे घालून इस्त्री केली होती. अकरा वाजता बालाघाटच्या कॉलेजात मला प्रवेशासाठी बोलावलं होतं. आमच्या महारवाड्यातली मॅट्रिक झालेली मी पहिली मुलगी. आणि समोर मालगुजाराच्या बैलांचं रात्रभराचं शेण.

मी बाकडे पाहिलं. बा कोपऱ्यात लाकडं फोडत होता. उजाडल्यापासून फोडत होता. त्यानं मान वर केली नाही.

"कर बाई," एवढंच बोलला. "पटकन कर."

आम्ही त्या कोठीवर मुक्कामाला कसे गेलो ते सांगायला हवं. कुणी ओढून नेलं नव्हतं. आम्ही आपल्या पायांनी गेलो होतो.

आमचं गाव राजेगावच्या बाजूला, सडकेपासून आत. पावसाळ्यात नाला भरला की गाव तुटायचं. सकाळी निघून अकराला कॉलेजात पोचण्याची खात्री नव्हती. आदल्या दिवशी जाऊन बालाघाटात रात्र काढायची, हे ठरलं होतं. कुठे काढायची, यावरून घरात भांडण पेटलं.

स्टेशनाजवळ धर्मशाळा होती. तिथे वळकटी खाली ठेवायच्या आत जात विचारत. बौद्ध म्हटलं की विचारत, "पहले क्या थे?" बा एकदा तिथून परत आला होता. आम्ही आधी काय होतो ते त्यानं खरं सांगितलं होतं.

दुसरी जागा मावशीची. मायची चुलत बहीण, आमच्याच लोकांच्या वॉर्डात एका खोलीत राहायची, बिड्या वळायची. खोलीत माणसं कमी आणि तेंदूपत्ता जास्त.

तिसरी मालगुजाराची, म्हणजे आमच्या गावांचा सारा गोळा करणाऱ्या जमीनदाराची, कोठी. मालगुजारी कायद्यानं गेली होती, मालगुजार कुठेच गेला नव्हता. त्याच्या गावांतली माणसं कचेरीच्या, दवाखान्याच्या कामाला बालाघाटात आली की कोठीवरच उतरत. हा जुना रिवाज. ज्याची त्याची जागा ठरलेली. कुणबी ओसरीवर. तेली फाटकाजवळच्या खोलीत. आम्ही गोठ्यामागच्या सपरीत, उघड्या छपराखाली. मुक्कामाचे पैसे नसत. आम्हाला तेवढं काम करावं लागे. ओसरीवर झोपणाऱ्याला कुणी कधी गोठा काढायला सांगितलं नाही.

"माया पोरीले गोठ्यामागं नेऊ नका," माय म्हणाली. "मावशीकडं ठेवा. दाटीत झोपीन, पन मानसात झोपीन."

"तुले समजत नाही," बा म्हणाला. "कालेजवाल्याले गावातला मोठा मानूस लागते. पोरीचा पालक म्हनून. मालक म्हनला, कोठीवर ये, मी येतो संग. मंग आपन दुसरीकडं उतरलो तं त्याले काय वाटीन?"

"काय वाटाचं ते वाटू द्या."

"अवं, आता तसं राह्यलं नाही. आपन बौद्ध झालो. पोरगी मॅट्रिक झाली. तो ओसरी देईन आपल्याले."

हे त्याला खरंच वाटत होतं. माझा बा भित्रा नव्हता. दीक्षा घेऊन आल्यावर घरातले सगळे देव त्यानं टोपलीत भरले आणि नेऊन वैनगंगेत सोडले. मेलेलं ढोर ओढायचं थांबवलं, तेव्हा गावानं पीठगिरणी बंद केली, दुकान बंद केलं, त्याला नाल्यात गाठून मारलं. त्यानं पुन्हा ढोर ओढलं नाही. तो गावचा कोटवार होता, दवंडी देणारा, पोलिसांना खबर देणारा. पण शहर म्हटलं की त्याला एकच दार ठाऊक होतं. त्याच्या बापालाही तेच ठाऊक होतं. गावात ताठ झालेला माणूस बालाघाटात आपोआप त्याच दारात जायचा. आमच्यातल्या कितीतरी जणांचं असंच होतं. देव सोडले, ढोरं सोडली, मुक्काम सुटला नाही.

संध्याकाळी पोचलो. मालक खाटेवर पाय पसरून बसले होते. बानं जोहार घातला नाही, नमस्कार केला. त्यांनी तो घेतला नाही.

"हेच का मॅट्रिक शिकेल पोरगी?"

"हौ मालक."

"बरं हाये. गोठ्यामागं जागा हाये. पानी लागत नाही तिथं."

बा तसाच उभा राहिला. त्याला वाटलं असावं, मालक अजून काही बोलतील. ओसरीवर आमच्याच गावचे दोघं चटई टाकून चहा पीत होते. त्यांच्याकडे बघून बा हसला. इतकं ओशाळं हसणं मी त्याच्या तोंडावर पूर्वी पाहिलं नव्हतं. मला त्याचा राग आला. मग मालकाचा आला. तो अजून गेलेला नाही.

रात्री मालकीणबाईंनी भात वरून टाकला. ताटात थोडा, मातीत जास्त. मी खाल्ला नाही. बानं मातीतलाही वेचून खाल्ला, कारण टाकून दिलेलं दिसलं तर मालक रागावतील.

आणि सकाळी ते घमेलं.

मी साडी खोचली आणि गोठा काढला. घमेली भरभरून उकिरड्यावर टाकली. शेवटचं घमेलं भरलं तेव्हा मालकाचा पुतण्या दातात काडी घालून बाहेर आला. सगळे त्याला छोटे मालक म्हणायचे. मी ज्या कॉलेजात निघाले होते, तिथेच शिकत होता. त्यानं मला खालीवर बघितलं. मग बुटाचं टोक घमेल्याला लावून ते उलटं केलं.

"फिर से उठा," तो म्हणाला. "कालेज में भी यही पढ़ाएँगे तुझे."

ओसरीवरचे हसले. आमच्या गावचे दोघंही हसले. मी खाली बसून शेण पुन्हा हातांनी भरलं. टाकून आले. आतल्या घड्याळाचे टोले ऐकू येत होते आणि माझे हात कोपरापर्यंत हिरवे होते. मालक अजून आंघोळीलाही उठले नव्हते. हात धुवायला हवे होते. विहिरीला मी शिवणार नव्हते, तेवढी अक्कल मला लहानपणापासून शिकवलेली होती. गोठ्याच्या दाराशी बैलांचा हौद होता, दगडी, शेवाळलेला, वर बैलांची लाळ तरंगणारी. मी त्यात हात बुडवले.

"ऐ! बैलों का पानी है वो!"

पुतण्या ओरडला आणि पाठीवर पहिला फटका बसला. बैल हाकायची काठी होती, टोकाला आर लावलेली. झंपर फाटला. कातडी फाटली. मी वळले तर दुसरा दंडावर.

"म्हारडे, बैल पितात ते! आता बैल काय पितीन?" तो म्हणाला.

डोक्यात एवढंच आलं की हे पाणी बैलाच्या तोंडानं बाटत नाही.

बा धावत आला. कुऱ्हाड त्यानं तिकडेच टाकली. हात जोडायचे तर दोन्ही हात रिकामे लागतात.

"छोटे मालक, चुकलं पोरीचं. मी हौद उपसतो. धुऊन देतो. नवं पानी भरतो."

काठी त्याच्या डोक्यावर बसली. ओल्या लाकडावर बसावी तसा आवाज झाला. बा गुडघ्यावर आला. मग बरगडीत बूट. मग पुन्हा बूट. रक्त कपाळावरून डोळ्यात, डोळ्यातून मिशीत उतरलं. तो ओरडला नाही. ओरडलं की जास्त मारतात, हे त्याला ठाऊक होतं.

वरच्या खिडकीतून मालकांचा आवाज आला. "बस कर बे. कचेरीतले लोक येतीन आता."

चुकलं असं नव्हे, मारू नकोस असंही नव्हे. फक्त, लोक येतील.

बा सरपटत पुढे झाला आणि त्यानं त्या पोरट्याचे बूट धरले. ज्या बुटानं त्याला तुडवलं, तेच. त्यांवर कपाळ टेकलं. बुटांना रक्त लागलं, तसं त्यानं घाईघाईनं धोतराचं टोक धरून ते पुसायला घेतलं.

मी घमेलं उचललं. दोन्ही कानांना धरलं आणि अंगात होती नव्हती तेवढी ताकद लावून छोट्या मालकाच्या तोंडावर हाणलं.

दात तुटल्याचा आवाज मला ऐकू आला. तो खाली बसला, पोतं बसावं तसा. तोंडावर हात ठेवला, हात काढला, हातातलं बघितलं. त्याला अजून कळलं नव्हतं की कुणी मारलं. तो बाकडे बघत होता. मी दुसऱ्यांदा घमेलं उचललं होतं. तेही हाणलं असतं, मला त्याची काही लाज नाही. बानं माझं मनगट धरलं.

ओसरीवर कुणी हललं नाही. हसतही नव्हतं.

आम्ही फाटकातून बाहेर पडलो. मी बाला खांद्याशी धरलं होतं आणि माझ्या साडीवर शेण आणि दोघांचं रक्त होतं. रस्त्यावरचे लोक बाजूला होत होते.

मावशीच्या खोलीत पोचलो. तिनं काहीही न विचारता तेंदूपत्त्याचे गठ्ठे बाहेर टाकले, जागा केली, बाच्या डोक्यात हळद भरली, पातळ फाडून बांधलं. मला तिनं स्वतःच्या माठातलं पाणी दिलं. मी तांब्याला तोंड लावून प्यायले. मग रडले. दुखत होतं म्हणून नाही. बानं बूट पुसले म्हणून.

अकराच्या आधीच मालकांचे दिवाणजी आले. नाकाला उपरणं लावून दाराबाहेर उभे राहिले.

"ठाण्यात रपट गेली," ते बाला म्हणाले. "तू छोट्या मालकाले कुऱ्हाडीच्या दांड्यानं मारलं अशी."

बानं डोक्यावरची पट्टी चाचपली.

"त्यानं नाही मारलं," मी म्हणाले. "मी मारलं."

दिवाणजींनी माझ्याकडे बघितलंच नाही. मला लख्ख कळलं. महाराच्या पोरीनं दात पाडला, हे ती कोठी जन्मात तोंडातून काढणार नव्हती. कोटवारानं मारलं, हे चालणार होतं. बापाला तुरुंग, घराण्याची अब्रू शाबूत.

"आयक," दिवाणजी बाला म्हणाले. "मालकाचा जीव मोठा हाये. पोरगी येईन, सगळ्याइच्या समोर छोट्या मालकाचे पाय धरीन. रपट वापस. तुयी कोटवारी कायम. आन् मालक आजच्या आज कालेजात येतीन, पालक म्हनून. उद्यापासून पोरगी कालेजात."

"मी धरतो पाय," बा लगेच म्हणाला. "मीच येतो. तिले राहू द्या."

"तुया पायधरनीले कोन इचारते? पोरीनंच धराले पायजे."

खोलीत सगळे माझ्याकडे बघू लागले. खोटं कशाला सांगू, मला कॉलेज हवं होतं. भुकेल्याला भात हवा असतो तसं हवं होतं. त्या कॉलेजाची पांढरी भिंत मी काल संध्याकाळी लांबून बघितली होती. एक वाकणं, आणि आत. वाकायला किती वेळ लागतो? बानं जन्मभर तेच केलं आणि त्यातूनच मला शिकवलं.

पण वाकले असते तर मारणारा बाच ठरला असता. मी फक्त हौद बाटवून चुकलेली पोर. मी दिलेला मार त्यांनी माझ्याकडून काढून घेतला असता. आमच्याकडून त्यांनी सगळं घेतलं होतं, आता हेही.

"दिवाणजी," मी म्हणाले, "मालकाले सांगा, पोरगी येऊन राह्यली. कोठीवर नाही. ठान्यात."

"पागल झाली काय?" बा ओरडला. "जेलात टाकतीन तुले! कालेज जाईन!"

"जाऊ दे."

कॉलेज गेलं. अकरा वाजले तेव्हा मी ठाण्याच्या पायऱ्या चढत होते. बाची कोटवारीही नंतर गेली. सांगणाऱ्यांनी मला खूप सांगितलं, काय मिळवलंस? गावात अजून सांगतात. सांगू देत.

मावशी माझ्याबरोबर आली होती. टेबलाशी हवालदार पान चघळत बसला होता. त्यानं माझ्या फाटक्या झंपराकडे आधी बघितलं, तोंडाकडे नंतर.

"क्या है?"

"मालगुजार के भतीजे को मैंने मारा. मेरे बाप ने नहीं."

तो हसला. शेजारच्या शिपायाला हाक मारून म्हणाला, "सुन, ये लड़की क्या बोल रही है." शिपाईही हसला.

"कहाँ ठहरी हो?" हवालदारानं विचारलं. "कोठी पर?"

"नहीं." मी मावशीच्या वॉर्डाचं नाव सांगितलं. त्यानं मान हलवली. वॉर्डाच्या नावावरून त्याला जे कळायचं ते कळलं.

"घर जा," तो म्हणाला. "लड़कियाँ दाँत नहीं तोड़तीं. बड़े लोगों का मामला है, तेरा बाप भुगत लेगा."

"मेरा बाप नहीं भुगतेगा," मी म्हणाले. "पहले उसने मारा. मुझे, मेरे बाप को. पीठ देखो मेरी. फिर मैंने मारा. लिखो. और ये भी लिखो, फिर हाथ उठाएगा तो फिर मारूँगी."

त्याचं हसणं थांबलं. त्यानं लेखणी उचलली नाही. मी भिंतीजवळच्या बाकावर बसले. शिपाई म्हणाला, बाक तुझ्यासाठी नाही, खाली बस. मी बसून राहिले. पाठ भिंतीला लागली की आग व्हायची, म्हणून ताठ बसले. हवालदार लिहीपर्यंत मी तिथून उठणार नव्हते.