फोडणीची मोहरी आणि गार्डाचा डबा

आगगाडीचा चिमुकला डबा डोळ्यासमोर धरायचा, एक डोळा मिटायचा आणि खिडकीतून आत बघत म्हणायचं, "आत माणसं बसल्यात असं वाटाय पायजे गड्या!" आमच्या कंपाउंडरांची ही तऱ्हा तुम्ही एकदा पाहिली असती तर विसरला नसता.

सांगलीतल्या एका दवाखान्यात ते औषधं द्यायचे, मी केसपेपर लिहायचो. मिक्श्चरच्या बाटल्यांमागे त्यांच्या खेळण्यातल्या आगगाडीचे डबे वाळत असत. डबे पत्र्याचे, जत्रेतले, अगदी स्वस्तातले. रंग पिवळाधमक आणि खिडक्यांत गुलाबी गालांची माणसं छापलेली.

"ह्यास्नी आदी उतरवाय पायजे," म्हणत ते बारीक छिन्नीनं खिडक्या कापून काढत. "आपल्या गाडीत असली माणसं कवा बघितलीसा?"

मग काचकागदानं घासणं. सायकलच्या दुकानातला तांबडा रंग, त्यात काळ्याचे दोन थेंब. डबे एकमेकांना जोडायला बायकोच्या ब्लाउजचे हुक. आणि पत्रे जोडणारे रिव्हेट म्हणून डिंकानं ओळीत चिकटवलेली मोहरी!

वहिनी दवाखान्यात येऊन म्हणायच्या, "आवं, फोडणीला तरी चार दाणे ठेवत जावा!"

"भाजी चालती गं बिनमोहरीची. डबा न्हाई चालत."

आमच्याकडे एक म्हातारे गार्ड औषधाला यायचे. छोट्या रुळांच्या गाडीवर त्यांचा जन्म गेला होता. निवृत्त झाले आणि पाठोपाठ डोळेही गेले. सुनेचा हात धरून येत. 'हं'च्या पलीकडे बोलणं नाही. एक दिवस कंपाउंडरांनी तीन महिने खपून केलेला गार्डाचा डबा मुकाट्यानं त्यांच्या हातात ठेवला.

म्हाताऱ्याची बोटं पत्र्यावरून फिरली. "रिव्हेट," ते पुटपुटले. मग मागची बाजू चाचपून एकदम कडाडले, "शेपटीचा दिवा कुठं लावू? खुंटीच नाही! अशी गाडी मी सोडणार नाही!"

 सून बघतच राहिली. सासऱ्यांचा एवढा आवाज तिनं वर्षभरात ऐकला नव्हता.

"चुकलं सायेब," कंपाउंडर कानकोंडे होऊन म्हणाले. "आठ दिस द्या."

त्या आठ दिवसांत ते तीनदा सायकलनं मिरज स्टेशनवर जाऊन दिवे बघून आले. टाचणी वाकवून खुंटी केली, वहिनींच्या तुटलेल्या माळेतला लाल मणी तिच्यावर बसवला. पुढच्या खेपेला गार्डांनी मणी बोटानं तपासला, ताठ उभे राहिले आणि उजवा हात उंच केला. "हां, सोडा गाडी!"

रांगेतले पेशंटसुद्धा खोकला विसरून हसले.

तो डबा गार्डांकडेच राहिला. "तुमची गाडी अपुरी राहिली की," मी म्हटलं.

"त्येंचाच डबा हुता," कंपाउंडर म्हणाले. "मी निस्ता रंग दिला."

त्यानंतर गार्ड दर आठवड्याला औषधाला कमी आणि चुका काढायला जास्त येत. कंपाउंडर त्या चुका वहीत लिहून घेत.

पुढे कंपाउंडर निवृत्त होऊन मुलाकडे मेढ्याला निघाले. मी स्टँडवर गेलो होतो. जुन्या लुगड्यात बांधलेलं डब्यांचं गाठोडं त्यांच्या मांडीवर होतं. कंडक्टर म्हणाला, "बोजा टपावर टाका."

"टपावर? आवं, रंग वला हाय!"

एसटी हलली. मी हात केला. त्यांचे दोन्ही हात गाठोड्याभोवती होते. त्यांनी नुसती मान हलवली आणि वळणावर गाडी कलली तसे गाठोड्यासकट तेही सावकाश कलले.