दर दोन तासांनी

“ल्या बाई, इतलंच शे.”

दार वाजायचं, मी ते वीतभर उघडायची आणि फटीतून एक हात आत यायचा. हातात स्टीलची वाटी, वाटीवर उकळून वाळवलेलं फडकं, आणि मागून हे वाक्य. घ्या बाई, एवढंच आहे. वाटीचा नुसता तळ ओला असला तरी हेच, आणि पुढे वाटी निम्म्याच्या वर भरायला लागली तरी हेच. काही माणसं देतानाही ओशाळलेली असतात. तुम्हीही अशी पाहिली असतील.

मी तेव्हा धुळ्याच्या एका दवाखान्यात नर्स होते. एकाहत्तर-बहात्तरचा सुमार. माहेर कोल्हापूरकडचं. इकडची बोली अर्धीच कळायची, ऊन अजिबात सोसायचं नाही, आणि जीभ तिखट. अपुऱ्या दिवसांच्या बाळांची खोली माझ्याकडे होती. लाकडी पेट्या, आत उबेसाठी विजेचे दिवे आणि दारावर पाटी : आत येऊ नये. ही पाटी बाळाच्या आईलाही लागू होती. तिनं काचेतून बघायचं. त्या काळी जंतूंची धास्ती फार, आणि मी नियमाची पक्की. वैशाखात दुपारी त्या खोलीतले दिवे आम्ही सरळ बंद करायचो. धुळ्याचं ऊनच पेट्या गरम ठेवायचं.

तिचं नाव रजिस्टरात होतं, पण आम्ही तिला वाटीवालीच म्हणायचो. ती यायच्या आधी तिचं बाळ आलं. अमळनेरकडच्या एका खेड्यातून त्याचा म्हातारा आजा त्याला एसटीनं घेऊन आला. सातव्या महिन्यात घरीच जन्मलेला मुलगा, सरकी काढलेल्या कापसात गुंडाळून टोपलीत ठेवलेला. सव्वा किलोलाही कमीच. आई कुठं आहे, असं मी विचारलं. म्हातारा म्हणाला, घरी. ओली बाळंतीण, तिला वारा लागेल, शिवाय सोयर. मी त्याच्यावर चिडले. दवाखान्यात दूध असतंच ना, असं तो मलाच विचारत होता. बिचाऱ्याचा खरंच तसा समज होता.

आमच्याकडे होतं ते पाणी घातलेलं गाईचं दूध. ते ड्रॉपरनं पाजलं की पोराचं पोट फुगायचं. डॉक्टर म्हणाले, आईचं मिळालं तर काही आशा आहे, नाहीतर कठीण. म्हातारा तीन दिवस व्हरांड्यात बसून राहिला. गावाकडे निरोप पाठवायचं त्याला सुचलं नाही. चौथ्या दिवशी तो घरी गेला, आणि त्याच दिवशी संध्याकाळी ती आली. एकटी. डोक्याला फडकं बांधलेलं, पायांना सूज. वीस वर्षांचीही नसेल.

“मना पोऱ्या कोठे शे?”

मी काचेकडे बोट दाखवलं. ती बघत राहिली आणि मला मात्र कुठून तरी मोगऱ्याचा दाट वास यायला लागला. दवाखान्यात डेटॉलच्या वासाची सवय. मी विचारलं तर तिनं पदराआड हात घातला आणि छातीवर घट्ट बांधलेला कपडा सोडला. आतून चुरगळलेली, काळी पडलेली मोगऱ्याची फुलं खाली पडली.

आमच्या आयाबाईला, जिला सगळे अक्का म्हणत, ते लगेच कळलं. मूल गेलं की बाईचं दूध आटवायला या भागात मोगरा बांधतात. तीन दिवस धुळ्याहून काही खबर नाही, म्हणजे पोर गेलं, असं घरच्या बायका धरून चालल्या. सुनेला गाठी होऊन ताप येऊ नये म्हणून सासूनं स्वतःच्या हातानं फुलं बांधली, रोज बदलली. मायेनंच केलं सगळं. चौथ्या दिवशी म्हातारा दारात उभा राहून म्हणाला, पोरगा जिवंत आहे. ती उठली आणि तशीच एसटीच्या रस्त्याला लागली.

मोगऱ्यानं काम चोख केलं होतं. पहिल्या दिवशी आठ-दहा थेंब निघाले. अक्का गरम पाण्याच्या फडक्यानं शेकायची, चोळून द्यायची, आणि मी फटीतून उपदेश करायची. दर दोन तासांनी पिळायचं, आलं तरी आणि नाही आलं तरी. हात कोपरापर्यंत धुवायचे. वाटी उकळायची. तिनं यातला एकही शब्द कधी मोडला नाही. तिच्याकडे घड्याळ नव्हतं. व्हरांड्याच्या खांबाची सावली कोणत्या फरशीवर आली की वाटी न्यायची, हे तिनं दोन दिवसांत ठरवून टाकलं. सावली नसे तेव्हा पहारेकऱ्याचे टोले. एकदा माझं भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं, मी तिला म्हटलं, अजून वेळ झाली नाही. ती वाटी धरून तशीच उभी राहिली. घड्याळच चुकलं होतं.

बाकी वेळ ती एकटी बसायची. व्हरांड्यात दुसऱ्या बायका असत, नातेवाईक असत, डबे उघडले जात, हसणं-रडणं चाले. ही कोणात मिसळली नाही. इतर बाळंतिणींच्या मांडीवर मुलं होती, हिच्या मांडीवर वाटी. नवरा अमळनेरला तेलाच्या गिरणीत होता. सुटीच्या दिवशी यायचा, काचेतून बघायचा, चार शब्द बोलून शेवटची गाडी पकडायचा. दुपारी मी जेवायला बसले की ती काचेला कपाळ लावून उभी दिसायची. मीही त्या गावात एकटीच होते. खोलीवर गेलं की बोलायला कोणी नसायचं. पण तिच्याशी जाऊन बसावं, असं काही मला सुचलं नाही. नर्सनं असं बसू नये, असं वाटायचं.

आठवड्याभरानं सासू आली. बाजरीची भाकरी, लसणाची चटणी, मेथीची भाजी, डिंकाचे लाडू, सगळं फडक्यात बांधून. सून उठलीच नाही. गाठोडं तसंच अक्काला दिलं. सासू दिवसाआड यायची, एवढ्या उन्हात, आणि आवारातल्या निंबाखाली बसून परत जायची. ती आली की अक्काची चंगळ. पंधरवड्यात अक्काच बाळंतीण वाटायला लागली, इतकी तजेलदार दिसत होती. इकडे ही दवाखान्याच्या पातळ वरणावर आणि पावावर राहिलेली. वाटीतलं दूध वाढत आलं होतं ते थांबलं आणि मग कमी व्हायला लागलं. पोराचं वजन दोन दिवस हललं नाही. तिसऱ्या दिवशी उतरलं.

मी तिला गाठून बोलले. तू जेवत का नाहीस?

“तिनी भाकर माले नको,” ती म्हणाली. इतक्या दिवसांत तिचा चढलेला आवाज मी तेव्हाच ऐकला.

मला तिची बाजू कळत होती, पण वजनाचा कागद माझ्या हातात होता. मी म्हटलं, “सासूवर कर राग, जन्मभर कर. भाकरीवर नको करू. ती तिच्या हातची असली तरी जाणार त्याच्याच पोटात.”

ती काचेकडे बघत उभी राहिली. मग व्हरांड्याच्या पायऱ्या उतरून निंबाखाली गेली. मी खिडकीतून बघत होते. सासूसमोर बसून तिनं गाठोडं सोडलं आणि खायला लागली, मान वर न करता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते न पुसता ती घास घेत होती. सासू हळूच म्हणाली, “माले वाटनं, पोऱ्या गया. तुले तरास नको म्हनीसन मोगरा बांधा.”

तिनं हातातली भाकरी संपवली. मग हात पुढे करून म्हणाली, “आजून अर्धी दे.”

तिथून दूध वाढत गेलं. माझ्या हिशेबाला लागायचं त्याहून जास्त यायला लागलं. उरलेलं पायदळी जाऊ नये म्हणून ती निंबाच्या बुंध्याशी ओतून यायची. पाचव्या आठवड्यात डॉक्टर म्हणाले, आता छातीला लावून बघा. बाजूच्या खोलीत मी पोराला तिच्या मांडीवर दिलं. जन्मल्यावर तिनं त्याला पहिल्यांदाच हात लावला. ड्रॉपरची सवय झालेलं पोर तोंड उघडं टाकून झोपून जायचं. तीन दिवस असंच. चौथ्या दिवशी त्याचा जबडा हलला, थांबला, आणि परत हलायला लागला. घोट गिळल्याचा बारीक आवाज मला ऐकू आला. मी कुणापुढे सहसा रडत नाही, तेव्हा रडले. तिनं मला विचारलं, “आते वाटी नको?”

घरी जायच्या दिवशी सासरा, सासू, नवरा, सगळे आले. मला वाटलं, ही आज हसेल. ती माझ्याजवळ आली आणि पदर चाळवत म्हणाली, “बाई, आठे दर दोन तासले तुम्ही दार उघडतस. तठे कोण उघडी?”

इथं मी होते, तिथं घरी दार कोण उघडणार, असं ती विचारत होती. काळजी घे, दूध अंगावरच पाज, असलं काहीतरी मी बोलले. ती गेली. खूप दिवस मला ते लागून राहिलं. एवढ्या दिवसांत मी दार उघडत होते, पण वाटीपुरतंच. त्या फटीलाही ती सोबत समजत होती.

ती परत कधी दिसली नाही. पुढच्या वर्षी थंडीत तिच्याच गावचा एक तरुण आला. हातात टोपली, टोपलीत कापूस, कापसात अपुऱ्या दिवसांची मुलगी. पण या वेळी मागून गोधडी पांघरलेली त्याची बायकोही होती, दोन दिवसांची बाळंतीण. हिला बरं आणलंस, असं मी म्हटलं. तो म्हणाला, त्याच्या आईनं नाहीच म्हटलं होतं. पण गावातली एक बाई कडेवर पोर घेऊन रस्त्यात आडवी उभी राहिली.

“त्या बाईनी मोटार थांबाडी. बोलनी, मायले संगे लई जा.” बाळाच्या आईला सोबत घेऊन जा.

ती बरी आहे का, असं मी विचारलं. पोरगा चांगला आहे, तो म्हणाला. ती फारशी कुणाशी बोलत नाही. त्या दिवशी तिला एवढं बोलताना गावानं पहिल्यांदाच ऐकलं.

त्याची बायको दारावरची पाटी बघून बाहेरच थांबली होती. वाचता येत नसावं, पण पाटी म्हणजे थांबायचं, एवढं तिला माहीत होतं. मी दार पूर्ण उघडलं. तिला सांगितलं, हात कोपरापर्यंत धू आणि आत ये.