वाळूच्या डोळ्याचा फोटो

सिद्धगडाच्या पायथ्याच्या आमच्या गावात वाळूने ज्याची टिंगल केली नाही, असे काही शोधून सापडायचे नाही. चष्मा लावणारे त्याच्या मते कामचुकार आणि डॉक्टर तर सगळेच दुकानदार. नांगराचा फाळ ठोकताना लोखंडाची कपची डाव्या डोळ्यात घुसली, तेव्हाही हा शहाणा म्हणाला, "भाताचं कुसळ गेलंय." कुसळ गेले की आमच्याकडे गावातली म्हातारी बाईजा जिभेने डोळा चाटून ते काढते. तिने इमानाने चाटला. आत रुतलेले लोखंड जिभेला थोडेच लागणार!

शेवटी ठाण्याला ऑपरेशन झाले, कपची निघाली. डॉक्टरीणबाईंनी बजावले, "आठवड्याने या. डोळ्याच्या आतल्या पडद्याचा फोटो काढायचाय."

वाळू गावभर सांगत सुटला, "काटा काढल्यावर पायाचा फोटो काढतं का रं कुनी?"

मग त्याने भाची दामिनीकडून मोबाईलवर डोळ्याचा फोटो काढवला आणि डॉक्टरीणबाईंना पाठवायला लावला. खाली लिहायला सांगितले, 'लाल नाय. म्हणून येत नाय.' उत्तर आले, 'हा दाराचा फोटो झाला. मला घराच्या आतला हवा. लगेच या.' वाळू त्यावरही हसला.

त्याची बायको हिराबाई हसली नाही. डाव्या बाजूने आलेली कोंबडी हल्ली त्याच्या पायाखाली येत होती. तिने त्याला ओटीवर बसवले, त्याचा उजवा डोळा तळहाताने झाकला आणि दुसरा हात डावीकडे धरला.

"समोर बघा. हातात काय हाय माझ्या?"

"पळी."

"हात रिकामा हाय."

वाळू म्हणाला, "त्या अंगाला काळं दिसतंय जरा. ऊन पडलं का जाईल गो."

"जाईल तर! मी सुपात भरून आणते ऊन, डोळ्यात ओता. उठा!"

दुपारपर्यंत तिने त्याला ठाण्याला नेले. फोटोत पडदा एका कडेने सुटलेला दिसला. दुसऱ्या दिवशी पुन्हा ऑपरेशन. मधली नजर वाचली. डाव्या अंगाची पुरती येईल, असे वचन डॉक्टरीणबाईंनी दिले नाही.

सुट्टी मिळताना वाळूने खालच्या आवाजात विचारले, "बाई, पुढचा फोटो कधी?"

हिराबाईने पिशवी उचलली. "का? नवा सदरा शिवू?"

"शिव," वाळू म्हणाला.