नियम पहिला: हात पूर्ण कोरडे

भट्टीच्या खोलीच्या दारामागे मी लावलेला कागद अजून माझ्याकडे आहे. वर ‘मोबाईल वापरण्याचे नियम’ आणि खाली पाच ओळी. एक, हात धुऊन पूर्ण कोरडे करूनच मोबाईलला लावावेत. दोन, मोबाईल प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेर काढू नये. तीन, पडद्यावरची जाड काच काढू नये. चार, चार्जिंग जेवणाच्या सुट्टीत. पाच, घरगुती फोन करू नयेत. अक्षर माझं, आखणीही माझीच. यातल्या पहिल्या तीन ओळींपायी एका बाईचं काम सुटायची वेळ आली होती.

लोणावळ्यातल्या एका छोट्या चिक्कीच्या कारखान्यात मी अठरा वर्षं भांडार आणि नोंदी सांभाळते. शेंगदाणे किती आले, गूळ किती उरला, कुठली खोकी कुठल्या दुकानात गेली, हे सगळं माझ्याकडे लिहिलेलं असतं. घरातही तेच. फ्रिजवर यादी, पर्समध्ये यादी. माझा नवरा म्हणतो, हिला देवानं जन्माला घालतानाही पोच मागितली असेल हिनं. असो. लिहिलेलं चुकत नाही, यावर माझा पक्का विश्वास होता.

कारखान्यात सगळ्यात जुन्या म्हणजे मावशी. कार्ल्याजवळच्या एका वाडीतून रोज सकाळच्या बसने येतात, आत शिरताना सगळ्यांना जयभीम घालतात, पदर खोचतात आणि ओट्यापाशी उभ्या राहतात. सव्वीस वर्षं त्या अशाच उभ्या होत्या. कढईतून आलेला शेंगदाण्याचा गरम गोळा हाताने उलटायचा, लाटणं फिरवायचं आणि तो निवायच्या आत वड्या पाडायच्या. पाकाचा एक थेंब वाटीतल्या पाण्यात टाकून तो मोडला की त्याच्या आवाजावरून मावशी सांगायच्या, ‘उतरवा’ किंवा ‘आजून जरा ऱ्हाऊ द्या’. पण गेल्या वर्षापासून गुडघे बोलायला लागले. डॉक्टरांनी उभं राहण्याचं काम बंद करा म्हणून सांगितलं.

त्याच सुमारास देखरेखीची जागा रिकामी होणार होती. ते काम करणाऱ्या बाई तळेगावला लेकीकडे राहायला निघाल्या होत्या. काम स्टुलावर बसून करायचं: प्रत्येक घाणा तपासायचा आणि त्याची नोंद करायची. पूर्वी ती वहीत व्हायची. आता शहरातल्या दुकानदारांना प्रत्येक घाण्याची वेळ आणि वजन मोबाईलवरून हवं होतं, म्हणून शेठनी मोठ्या पडद्याचा एक मोबाईल आणला.

“मावशींइतकं चिक्कीतलं कुणाला कळत नाही,” शेठ मला म्हणाले. “महिन्याभरात मोबाईल जमला तर जागा त्यांची. नाहीतर पॅकिंगमधली बारावी झालेली मुलगी आहे.”

मावशींनी मला बाजूला घेतलं. “ताई, उभं ऱ्हायला झेपत न्हाई आन घरी बसून करमत न्हाई. त्या स्टुलावर माझा डोळा हाय.”

मी लगेच कामाला लागले. मोबाईलवर जाड काच बसवून घेतली, वर प्लास्टिकची पिशवी चढवली, नियमांचा कागद लावला आणि घाण्याची नोंद कशी करायची याच्या चौदा पायऱ्या वेगळ्या कागदावर लिहून दिल्या.

पहिल्याच दिवशी मोबाईल हलेना. मावशी बोट ठेवायच्या, पडदा ढिम्म. जोरात दाबायच्या, तरी ढिम्म.

“दाबू नका मावशी, नुसतं टेकवा.”

“टेकवलंय की! आता दंडवत घालू का त्याला?”

भट्टीवर कढई हलवणारे भाऊ तिकडून ओरडले, “मावशी, तुला बघून त्यानं मान टाकली! डोक्यावर पदर घे जरा!”

“तू कढई बघ. करपली तर तुझी मान जाईल.”

सगळे हसले. मीही हसले, पण मनात म्हटलं, वयामुळे जमत नसेल. मी मोबाईल बंद करून चालू केला, चार्जर बदलला, काच तीनदा पुसली. मग तोच धडा हळूहळू, मोठ्या आवाजात, एकेक शब्द तोडून पुन्हा सांगितला. चौथ्यांदा सांगायला लागले तेव्हा मावशींनी हात वर केला.

“ताई, मला ऐकू येतंय. वाचताबी येतंय, सातवी पास हाय मी. चौदाच्या चौदा पायऱ्या पाठ झाल्यात. बोट ठेवलं का ते हालत न्हाई, येवढंच हाय.”

मी ऐकलं, पण मनावर घेतलं नाही. माझ्या हाताखाली तोच मोबाईल व्यवस्थित चालत होता ना!

मग मी माझ्या दृष्टीने सोपा मार्ग काढला. मावशी प्रत्येक घाण्याला भिंतीवर खडूची रेघ मारायच्या, शेजारी वेळ आणि वजन लिहायच्या. संध्याकाळी मी ते पाहून मोबाईलमध्ये भरायचे. दोन आठवडे नोंदी चोख गेल्या. शेठ खूश. “मावशींनी जमवलं की!” असं माझ्यादेखत म्हणालेसुद्धा. मी गप्प बसले.

मावशी गप्प बसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी भांडारात आल्या आणि पोत्यावर टेकल्या.

“ह्ये बरं न्हाई, ताई. भरताय तुमी आन शेठला वाटतंय मी भरते. उद्या तुमी रजेवर गेला का मी उघडी पडनार. असलं खोटं स्टूल नको मला.”

“अहो, पण जागा हातची जाईल.”

“जाऊ द्या. मी सांगून येते.”

आणि त्या गेल्यासुद्धा. मी दाराशी उभी राहून ऐकलं. त्यांनी शेठना सगळं सांगितलं. माझ्याबद्दल फक्त एवढंच, की ताईंनी मदत केली. शेठनी हातातली वही मिटली. मग म्हणाले, “शनिवारी दिवसभर तुम्ही एकट्यानं भरायचं. ताईंनी त्या खोलीत पाय ठेवायचा नाही. संध्याकाळी भिंतीवरच्या रेघा आणि मोबाईलमधल्या नोंदी जुळल्या तर स्टूल तुमचं. नाही जुळल्या तर मला विचार करावा लागेल.”

ती बुधवारची गोष्ट. हाती दोन दिवस. गुरुवारी काम सुटल्यावर मी मावशींना घेऊन स्टेशनजवळच्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात गेले. मोबाईलच बिघडलाय, अशी माझी आशा होती.

दुरुस्तीवाल्यांनी पिशवी काढली. खालची जाड काच पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं.

“ताई, डिसेंबरच्या थंडीत आम्हीसुद्धा एवढे कपडे घालत नाही. गुदमरला की हा.”

त्यांनी जाड काच उचकटून काढली आणि स्वतःचं बोट फिरवलं. पडदा सुळकन सरकला. मावशींनी बोट ठेवलं. तीनदा हलला नाही, चौथ्यांदा हलला.

“हात बघू मावशी.”

मावशींनी पालथा हात उलटा केला. अठरा वर्षं मी त्या हातची चिक्की खोक्यांत भरून पाठवत होते, पण ती बोटं कधी अशी उजेडात पाहिली नव्हती. टोकं गुळगुळीत, चकाकणारी, रेषा पुसून गेलेल्या. नखाने टोचलं तर कळेल की नाही, अशी घट्ट कातडी.

“हा पडदा दाबण्यावर चालत नाही,” दुरुस्तीवाले म्हणाले. “बोट टेकलं की त्यातून बारीकशी वीज इकडची तिकडे होते, ती तो ओळखतो. कातडी जाड आणि कोरडी असली की त्याला बोट आल्याचं कळतच नाही. त्यात वर काच, वर पिशवी. बरं, हात लावायच्या आधी काय करता तुम्ही?”

“धुते. फडक्यानं पुसते. आन मग भट्टीच्या उबेवर धरते, पार कोरडे व्हईस्तवर.”

“उबेवर? का?”

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. “कागदावर तसं लिवलंय. हात पूर्न कोरडे.”

चिक्कीला पाणी वैरी. एका ओल्या हाताने अख्खा घाणा चिकट होतो. आमच्याकडे नव्या माणसाला पहिल्या दिवशी हेच शिकवतात, आणि मी तोच नियम काही विचार न करता मोबाईलला लावला होता. बारावी झालेल्या मुलीने ओढणीला हात पुसले असते आणि तिचं भागलं असतं. मावशी नियम पाळणाऱ्या, म्हणून त्या अडकल्या.

दुरुस्तीवाल्यांनी पातळ काच बसवली, सेटिंगमध्ये जाऊन स्पर्श अधिक तीव्रतेने ओळखण्याची सोय चालू केली आणि सांगितलं, “हात धुवा, पुसा, पण ओलसरपणा राहू द्या. ओले निथळते नकोत आणि सुकलेले पापडही नकोत.”

आता बोट दहापैकी सहा-सात वेळा चालायला लागलं. मी हिशेब करत होते, दिवसाला वीस-बावीस घाणे, प्रत्येकाला इतके स्पर्श, म्हणजे किती चुकणार. मावशी हिशेब करत नव्हत्या. त्या एकेक बोट लावून पाहत होत्या, जशा त्या एकेक वडी मोडून पाहतात. अंगठा, नाही. मधलं, नाही. अनामिका, कधी हो कधी नाही. मग डाव्या हाताची करंगळी टेकवली. पडदा उघडला. पुन्हा टेकवली. पुन्हा उघडला. दहापैकी दहा.

मावशी हसायलाच लागल्या. “हिनं कदी गरम चिक्की उचललीच न्हाई! चटका बसू नये म्हनून सव्वीस वर्सं नुसती वर धरून बसली व्हती. आता कर म्हनावं काम.”

शुक्रवारी त्यांनी सराव केला. शनिवारी मी सकाळीच भांडारात जाऊन बसले. शेंगदाण्यांची पोती मोजायला घेतली आणि एकच रांग तीनदा मोजली. भांडाराचं दार आणि भट्टीच्या खोलीचं दार समोरासमोर आहे. पाय ठेवायचा नाही एवढीच अट होती. पाहायला बंदी नव्हती.

पहिला घाणा ओट्यावर आला. मावशींनी हात धुतले, ओलसर ठेवले, डावी करंगळी ताठ केली.

भाऊंनी लगेच धरलं. “मावशी, करंगळी दाखवतीस व्हय? जायचं आसंल तर जाऊन ये की! आमी कुटं अडवलंय?”

“तूच जाऊन ये,” मावशींनी मान वर न करता सांगितलं. “आन येताना हात धू. ताईंचा नियम हाय.”

खोलीभर हशा झाला. त्या हशातच पहिली नोंद झालेली मी पाहिली.

जेवणापर्यंत सगळं सुरळीत. दुपारी मात्र आतून कुणीतरी ओरडलं, “मावशी, ह्यो आपला आपनच बोलायला लागलाय!” मोबाईलवर वजनाच्या जागी साताचा आकडा आपोआप उमटतोय, असं दुसरी ओरडून सांगत होती. सात, सात, सात. कुणाचा हात नव्हता. दोघीतिघी मागे सरकल्या. एक म्हणाली, भूत शिरलं.

मी उठून दारापर्यंत गेले. उंबऱ्यावर पाय उचलला आणि तसाच मागे घेतला.

मावशी बसल्या होत्या तशाच बसून राहिल्या. त्यांनी मोबाईल खिडकीकडे तिरका धरला. पाकाला तार आली की नाही ते पाहताना त्या झारा धरतात, अगदी तसा. मग म्हणाल्या, “कसलं भूत? पाक उडालाय हितं. साताच्या डोक्यावर बसलाय.” ओल्या फडक्याने तो ठिपका भिजवला, निघाल्यावर काच पुसली, साताची माळ खोडून खरं वजन भरलं. दोन मिनिटांत पुढचा घाणा तपासायला घेतला.

मी परत येऊन पोत्यांची रांग चौथ्यांदा मोजली. या वेळी बरोबर आली.

संध्याकाळी शेठ मोबाईल घेऊन भिंतीपुढे उभे राहिले. रेघ आणि नोंद, रेघ आणि नोंद. बावीस रेघा, बावीस नोंदी. वजनं जुळली. शेवटी एका ठिकाणी थांबले.

“मावशी, हा घाणा पहाटे तीन वाजता झालाय.”

“दुपारी ओ. ते सकाळ-दुपारचं चिन्न हुकलं माझं.” मावशींनी माझ्याकडे बोट केलं. “घड्याळाचं ताई शिकवतील. बोटाचं मी बघून घेतलंय.”

शेठ हसले. मग माझ्याकडे वळून विचारलं, “ताई, स्टूल लाकडी आणायचं की प्लास्टिकचं?”

मी पेन काढलं. माझ्याआधी मावशींनीच उत्तर दिलं. “कसलंबी आना. पाठीला टेकू पायजे.”

ते टेकू असलेलं लाकडी स्टूल आता खिडकीजवळ असतं. सोमवारी सकाळी मी जुना कागद काढला, नवा घेऊन मावशींपुढे बसले आणि म्हटलं, सांगा, पहिला नियम काय लिहू. त्यांनी विचार केला. “हात धुवून पुसावेत, भट्टीवर धरू नयेत. दुसरा, पाक उडाला का वल्या फडक्यानं पुसावा.”

मी लिहिलं. तिसऱ्या ओळीला ‘करंगळी’ एवढा शब्द लिहिला तोच त्यांनी माझ्या पेनावर हात ठेवला.

“ते लिवू नका, ताई. नव्या पोरी आल्या का मी सोता सांगीन. कागदावर वाचून त्यांना काय कळनार?”

मी तो शब्द खोडला आणि चार्जिंगचा नियम तिसरा केला.