पोस्टकार्डावरचा बग

आम्ही चौघं एक सॉफ्टवेअर सांभाळतो. छोट्या वाचनालयांसाठीचं, फुकट, आणि ज्याला हवं त्याने उघडून दुरुस्त करावं असं. अशा कामात माणसाला मेंटेनर म्हणतात. म्हणजे ज्याच्याकडे फक्त बगच्या, म्हणजे चुकांच्या, तक्रारी येतात तो. तक्रारी मिटतात, किस्से मात्र साचत जातात. आणि आमचे निम्मे किस्से एकाच प्रश्नाचे आहेत: बोलायचं कुठे?

हे काम मी आणि माझी पत्नी नीलिमा, आम्ही सुरू केलं. तिला जाऊन दीड वर्ष झालं. आता माझ्यासोबत आहेत पेन्शनर देवधर, पुण्यातल्या खराडीत नोकरी करणारी केतकी आणि मूळचे अकोल्याचे वानखेडे.

*

आधी मोबाइलवर ग्रुप होता. एका वाचनालयाने त्यावर कळवलं, की पुस्तक परत करायची तारीख चुकीची पडतेय. त्याच मिनिटाला कुणीतरी वानखेड्यांना वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या. मग केक, फुगे, फुलं, जोडलेले हात. ती तक्रार आम्हाला दोन महिन्यांनी सापडली. तोवर तिथे प्रत्येक पुस्तक नेलं त्याच दिवशी परत मागितलं जात होतं!

वानखेडे कळवळले. "वाढदिवस माझा अन् उपास वाचकांचा! काय बाप्पा!"

*

देवधर फक्त मेल मानतात. एकदा सर्व्हर बंद पडला. केतकीने ग्रुपवर लिहिलं, "काका, अर्जंट!"

तिसऱ्या दिवशी देवधरांची मेल आली. "आपला निरोप चुकून वाचला. तातडीचं असल्यास मेल करावी. फारच तातडीचं असल्यास विषयात तसं लिहावं."

केतकीने भडकून विचारलं, "आणि आग लागली तर?"

"तर फोटो जोडावा."

*

शेवटी बोलायची एकच जागा ठरवायची म्हणून व्हिडिओ मीटिंग बोलावली. केतकीने लिंक ग्रुपवर टाकली. देवधरांनी स्वतःची वेगळी लिंक मेलने पाठवली. वानखेड्यांनी तिसरीच तयार केली आणि कुणालाच पाठवली नाही. मी आणि केतकी एकीकडे, देवधर दुसरीकडे, वानखेडे तिसरीकडे.

अर्ध्या तासाने वानखेड्यांचा फोन आला. "इकडे ठराव मंजूर झाला बरं का. एकमताने!"

*

आमच्या घरचा पत्ता वेबसाइटवर नीलिमाने टाकला होता. "सगळ्यांकडेच नेट असतं असं नाही," म्हणाली होती. त्या पत्त्यावर एकच माणूस लिहायचा. फलटणजवळच्या एका गावातले निवृत्त शिक्षक, गायकवाड सर. ते विहारात वाचनालय चालवतात. कॉम्प्युटर आहे, नेट नाही.

तिने एकदा कळवलं, "स्क्रीनवर काय दिसतं ते पाठवा." सरांनी पोस्टकार्डावर पट्टी धरून अख्खी स्क्रीन पेन्सिलने काढून पाठवली. माऊसचा बाण, कोपऱ्यातलं घड्याळ, त्यात अकरा वाजून सात मिनिटं. देवधर चष्मा लावून म्हणाले, "चित्र अगदी स्पष्ट आलंय."

ती गेल्यावर उत्तरं मी लिहायला लागलो. खाली तिच्या नावाऐवजी फक्त प्रकल्पाचं नाव. ती नाही हे मी सरांना कळवलं नाही. कार्डावर जागा कमी असते.

पूर्वी वर्षाला त्यांची तीन-चार कार्डं यायची. आता दर महिन्याला एक यायला लागलं. केतकी वैतागून मला म्हणाली, "काका, हे बग माझ्याकडे दिसतच नाहीत!"

*

यंदा केतकीने निकाल लावला. तक्रारी फक्त वेबसाइटवरच्या पानावर घ्यायच्या, बाकी सगळं बंद. घरचा पत्ताही काढायचा. तिचं बरोबरच होतं. मला तो पत्ता काढायचा नव्हता, पण कारण काय सांगणार? मी "बरं" म्हणालो आणि सरांना कार्ड टाकलं, की यापुढे पत्राने तक्रारी घेता येणार नाहीत.

पुढच्या रविवारी सगळे माझ्याकडे जमले होते. बेल वाजली. दारात पांढरा सदरा घातलेले एक गृहस्थ. हातातल्या कापडी पिशवीत कॉम्प्युटरचा डबा. स्वारगेटला उतरून विचारत विचारत आले होते.

"नमस्कार. मी गायकवाड. पत्र बंद केलंत, म्हणून बगच घेऊन आलो!"

केतकीने डबा माझ्या स्क्रीनला जोडला. वर्षभराची कार्डं पुढ्यात मांडून एकेक तक्रार तपासली. सगळं सुरळीत चालत होतं.

"एसटीच्या हादऱ्यांनी दुरुस्त झालं असावं," देवधर म्हणाले.

सर चहा घेत भिंतीवरच्या नीलिमाच्या हार घातलेल्या फोटोकडे बघत होते.

"मॅडमचं अक्षर डावीकडे झुकायचं," ते मला म्हणाले. "तुमचं सरळ आहे. पहिल्याच कार्डावर कळलं मला."

केतकीने कार्डं गोळा केली, कडा जुळवल्या आणि माझ्या हातात दिली.

सरांनी कप खाली ठेवला. "मग ताई, पुढच्या महिन्यात काही बिघडलं तर कळवायचं कुठं?"

केतकीच्या आधी देवधर बोलले.

"पत्रच टाका. मेल आमच्याकडे कुणी वाचत नाही."